बिनपरवानगीचे मामंजी

आमच्या मामंजींना कुणी 'बसा' म्हटलं की ते उभेच राहत. चावडीचा कट्टा असो की मारुतीच्या देवळाची पायरी, आधी बसलेलं कुणीतरी सरकून जागा करी आणि सहज म्हणून जाई, "बसा तात्या." झालं! मामंजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. गुडघे दुखत असले तरी उभे. गप्पा चालू होत, पानाचा डबा फिरे, आणि ते 'बसा' सगळे विसरले आहेत अशी खात्री पटली की मग ते हळूच, आपल्या मर्जीनं, टेकत. कट्टा गावाचा आणि गावात त्यांचा हिस्सा, मग तिथे बसायला दुसऱ्यानं सांगायचं कारण काय, असा त्यांचा सवाल असे.

"परवानगीनं बसलेल्याला कुनीबी उठवतंय, सूनबाई," ते मला समजावत. "हक्कानं बसलेल्याला उठवायला कोर्ट लागतंय."

गाव त्यांना मागून हक्कतात्या म्हणे. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कराडहून मलकापूर ओलांडून आत शिरलं की आमचं गाव लागतं. तिथून कोर्टाची वाट त्यांच्या बैलांना इतकी पाठ झाली होती की गाडी जुंपून मामंजी आत झोपले तरी बैल वकिलांच्या दारात जाऊन उभे राहत, असं माझ्या सासूबाई सांगत. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या सांगण्यात थोडं मीठमसाला असे, पण बैलांबद्दलचं खरं असावं.

मी सांगलीची. वडील शाळामास्तर, त्यामुळे सातवीपर्यंत शिकलेली. लढाईच्या दिवसांत माझं लग्न झालं. हे पलटणीत होते, आणि सुट्टी संपताच परत गेले. मग घरात मामंजी, आत्याबाई आणि मी, एवढेच उरलो. पहिल्याच आठवड्यात मामंजींनी मला सोप्यात बोलावलं. नव्या सुनेला सासरा समोर बोलावतो म्हणजे काहीतरी चुकलं असणार, अशा भीतीनं मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मामंजींनी खाकरून घसा मोकळा केला.

"हे अंगावरचं सोनं तुझं. म्हायेरचं बी तुझं आन् आमी घातलेलं बी तुझंच. त्याच्यावर माझा हक्क न्हाई, तुझ्या नवऱ्याचाबी न्हाई. कुनी मागितलं तर लिहून घ्यायचं. मी मागितलं तरी."

चुलीपाशी बसलेल्या आत्याबाईंनी आतूनच विचारलं, की माझ्या पाटल्या मोडून बैलजोडी आणली तेव्हा हा कायदा कुठं गेला होता. मामंजींनी जरा विचार केला आणि तेव्हा आपण वकिलाकडे जात नव्हतो असं सांगितलं. मग धोतर सावरून ते गोठ्याकडे निघून गेले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा या घरात जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटलं.

त्यांच्याकडे लोक सल्ल्याला येत. वाटणीत गोठा कुणाचा, दत्तक घेतलेल्या पोराला जन्मदात्या बापाच्या रानात वाटा मिळतो का, विधवेला दिरानं घराबाहेर काढलं तर तिनं कुठं जायचं, असले प्रश्न. मामंजी सगळ्यांना उत्तर देत आणि ते नेहमीच बरोबर असे, असं काही नाही. एकाच्या कोंबडीनं दुसऱ्याच्या अंगणात अंडं घातलं तेव्हा त्यांनी दोघांना निम्मं निम्मं वाटून दिलं. वाटणी चालू असतानाच अंडं फुटलं, आणि मग दोघेही मामंजींवर रुसले. पण दिरानं काढलेल्या विधवेला मात्र ते स्वतःच्या गाडीतून कराडला घेऊन गेले. नव्या कायद्यानं नवऱ्याच्या जागी तिचाही वाटा लागतो असं वकिलांच्या तोंडून तिला ऐकवलं, आणि परत आल्यावर दिराच्या दारात उभं राहून तेच त्याला ऐकवलं. ते आत गेले नाहीत, कारण दिरानं 'या' म्हटलं होतं.

गावातल्या बाबूभाई तांबोळ्यांची बहीण वडिलांच्या घरात वाटा मागायला आली, तेव्हा बाबूभाईंनी मोठ्या भरवशानं मामंजींनाच मधे घातलं. लग्नात दिलं, आता कसला वाटा, असंच मामंजी म्हणणार अशी त्यांची अटकळ. मामंजींनी एवढंच विचारलं, की तुमच्यात रीत काय आहे. भावाच्या निम्मा बहिणीचा, असं बाबूभाईंना खरं ते सांगावं लागलं. मग मामंजी म्हणाले, मग ती मागेपर्यंत थांबलास कशाला? बहिणीला दुकानालगतची खोली मिळाली आणि तिनं तिथे बांगड्या विकायला काढल्या. पुढे कितीतरी दिवस मामंजींच्या विड्यात चुना जरा जास्त पडायचा. ते जीभ पोळून घेत, पण विडा तिथेच खात.

आता त्यांच्या स्वतःच्या हक्काची गोष्ट सांगते.

आमचं रान ओढ्याच्या अंगाला. मामंजींचे वडील आणि आप्पांचे वडील हे सख्खे भाऊ. त्यांच्या वाटण्या आमच्याकडच्या रिवाजानं झाल्या. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे वाटे पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. थोरल्यांनी, म्हणजे मामंजींच्या वडिलांनी, रस्त्याकडचं रान एका वाट्यात घातलं आणि मागचं, विहिरीचं रान दुसऱ्या वाट्यात. धाकट्यांनी रस्त्याकडचं उचललं. पंचांनी विहीर लिहिली, आंब्याची झाडं लिहिली, गोठ्यावरची कौलंसुद्धा लिहिली. मागच्या रानात गाडी जायची ती पुढच्या रानाच्या कडेनं. ती वाट मात्र कुणी लिहिली नाही. भावाभावांत वाट काय लिहून घ्यायची, असं दोघांनाही वाटलं. लिहा म्हणणं म्हणजे भावावर भरवसा नसल्यासारखं झालं असतं, आणि ते म्हणायला कुणीच तयार नव्हतं.

पुढे दोघं भाऊ वारले, मागचं रान मामंजींकडे आलं आणि पुढचं त्यांच्या चुलतभावाकडे, आप्पांकडे. आप्पा मामंजींहून लहान. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. एका साली मोकाट गुरं आप्पांच्या शाळवात शिरली म्हणून त्यांनी वाटेच्या तोंडाला बाभळीची एक काटेरी फांदी आडवी टाकली. गुरांसाठी टाकली होती, तात्यांसाठी नव्हे. पण मामंजी गाडी घेऊन आले, त्यांनी फांदी पाहिली, आणि बाजूला सारायच्या ऐवजी गाडी तशीच वळवून थेट कराडला वकिलांकडे नेली.

वकीलसाहेब मुरलेले होते. त्यांनी समजावलं ते मामंजींनी घरात इतक्या वेळा सांगितलं की मलाही पाठ झालं. ओढ्यातून जायला दुसरी वाट आहे, तेव्हा मला वाटच नाही असं काही कोर्टात म्हणता येणार नाही. पण वाटण्या झाल्यापासून वीस वर्षं जर त्या कडेच्या वाटेनं उघडपणे, हक्क समजून, कुणाची परवानगी न घेता गाडी नेत राहिलात, तर हक्क तुमचाच होतो. कुणी तोंडानं 'जाऊ नका' म्हटलं तरी बिघडत नाही, तुम्ही जात राहा. मात्र परवानगी घेऊन गेलात, तर जन्मभर गेलात तरी ती मेहेरबानीच. मामंजींनी यातलं शेवटचं वाक्य एवढं मनावर घेतलं की ते कट्ट्यावरही लागू केलं.

ओढ्याची वाट म्हणजे नुसता काळ्या मातीचा उतार. ऊस तोडून गुऱ्हाळाला न्यायच्या दिवसांत तिथे भरली गाडी घातली की चाकं निम्मी आत. त्या उतारावर आमचा एक खिलारी बैल पाय मोडून बसला, तो पुन्हा उठला नाही. त्याची गोष्ट निघाली की मामंजी विषय बदलत. कडेची वाट गेली तर मागच्या रानातला ऊस बाहेर काढायचा कसा, ही त्यांची खरी काळजी होती. स्वतःपुरती नव्हे. यांनी पलटणीतून परत यावं आणि बापासारखं ओढ्यात बैल घालू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तुम्ही म्हणाल, मग भावाकडे मागून का घेतली नाही? मागितली असती तर आप्पांनी त्याच दिवशी कागद करून दिला असता. ते चारचौघांत तसं सांगतही. तात्यानं एकदा तोंडानं म्हणावं, आप्पा, वाट दे, की दिली. आणि मामंजींचं म्हणणं, जी माझीच आहे ती मी मागू कशी? सगळं घोडं या एका शब्दावर अडलेलं. ना हे मागत, ना ते न मागता देत.

वकिलांचा कायदा आप्पांना कुणीतरी सांगितला. बहुधा मामंजींनीच, कारण त्यांना ज्ञान पोटात ठेवता येत नसे. त्या दिवसापासून आप्पांच्या हातात मोठं हत्यार आलं. ते हत्यार म्हणजे सौजन्य. मामंजींची गाडी दिसली की आप्पा बांधावर उभे राहून हात जोडत आणि शेजारच्या रानातल्या माणसांना ऐकू जाईल असं ओरडत, "या तात्या, खुशाल जावा. माझी परवानगी हाय." की मामंजी गाडी थांबवत. आप्पा भाकरी खायला घरी जाईपर्यंत बाभळीखाली बसून राहत, आणि मग विनापरवाना निघत. पुढे त्यांनी ऐकूच येऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात कानाला मफलर गुंडाळायला सुरुवात केली आणि बैलांच्या गळ्यात आणखी घुंगरं बांधली. आप्पांनी आवाज वाढवला. वैशाखात मफलर बांधलेला गाडीवान आणि त्याच्यामागे परवानगी देत धावणारा शेतमालक, हे बघायला सुट्टीवर आलेले शिपाईगडी मुद्दाम आमच्या बांधावर येऊन बसत.

एक गोष्ट मात्र मामंजींनी कधी चुकवली नाही. वाटेच्या तोंडाची ती बाभळीची फांदी ते काठीनं बाजूला सारत, गाडी आत घेत, मग खाली उतरून परत येत आणि फांदी होती तशी लावून ठेवत. मी एकदा विचारलं, की ज्यांच्याशी भांडण त्यांच्या रानाची एवढी काळजी कशाला?

"हक्क वाटेवर हाय, फांदीवर न्हाई," ते म्हणाले. "फांदी आप्पाची."

या सगळ्यात माझ्या हातून जे झालं ते आमच्या घरात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मामंजींना रानात भाकरी पोचवायला मी पहिल्यांदाच निघाले होते. डोक्यावर पाटी, वाटेच्या तोंडाशी आप्पा उभे. सांगलीच्या शाळेत शिकलेली मुलगी मी. दुसऱ्याच्या रानातून जायचं तर विचारावं, एवढं वळण होतंच. चुलतसासऱ्यांनाही मामंजीच म्हणायचं, म्हणून मी पदर सावरून म्हटलं, मामंजी, इथून जाऊ का? आप्पांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, "जा की पोरी, इचारतीस काय?" मी गेले, पाटी उतरली, आणि भोळेपणानं हे सांगून बसले.

मामंजींनी उघडलेलं फडकं पुन्हा बांधलं. घरच्या माणसानं परवानगी मागितली म्हणजे घरानं मागितली, आणि घरानं मागितली म्हणजे त्यांनीच. आत्तापर्यंतची सगळी वर्षं या भाकरीनं बुडाली. ही भाकरी परवानगीची, ती त्यांच्या घशाखाली जाणार नव्हती. ते विहिरीकडे तोंड करून बसले. मला रडू फुटलं. मी तशीच उठून परत आप्पांकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. आधी ते हसले, पण मग तात्या सकाळपासून उपाशी आहे हे ध्यानात आल्यावर हसू ओसरलं. ते माझ्याबरोबर विहिरीपर्यंत आले, आणि मामंजींच्या पाठीला उद्देशून मोठ्यानं म्हणाले, "सुनंला दिल्याली परवानगी मी मागं घेतली. ती बिनपरवानगीची आली. जेव आता."

मामंजींनी मान न वळवता विचारलं, की शेजारच्या रानातल्यांनी ऐकलं का? शेजारच्या रानातून दोघंतिघं म्हणाले, ऐकलं. मग फडकं उघडलं. आप्पाही खाली बसले, त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा मोडून घेतला, आणि ठेचा तिखट झालाय अशी तक्रारही केली.

आता आप्पांच्या बायकोबद्दल सांगायला हवं. त्यांना मी धाकट्या आत्याबाई म्हणे. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. तो दिसला की पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं. धाकट्या आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून मामंजींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. मामंजींना त्यांचा आवाज ठाऊक होता तो जात्यावरच्या ओव्यांमुळे, तोही भिंतीपलीकडून.

लढाई संपली त्या हिवाळ्यात आप्पा अंथरुणाला खिळले. छातीत कफ, आणि औषधाला दाद नाही. मामंजी रोज तिथे जाऊन बसत. आप्पा 'बस' म्हणत, आणि त्या दिवसांत मामंजी मुकाट्यानं बसत. हे बघूनच मी काय ते ओळखलं. शेवटच्या दिवशी भावकी जमली होती. आप्पांनी डोळे उघडले, बायकोला आणि मुलाला, शंकरला, जवळ बोलावलं. खोलीत मामंजी होते, मीही दाराशी होते. आप्पा थांबत थांबत बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तात्याला वाटंची परवानगी द्यायची न्हाई. मी गेल्यावर कुनीबी द्यायची न्हाई. ध्यानात ठिवा."

भावकीत चुळबूळ झाली. मरतानाही माणसानं एवढा आकस धरावा, असं कुणीतरी कुजबुजलं. मलाही आप्पांचा संताप आला. ज्या भावानं आठवडाभर उशाशी बसून पाणी पाजलं त्याला हे शेवटचं बक्षीस! मामंजींनी आप्पांचा हात हातात घेतला तो सुटेपर्यंत सोडला नाही.

स्मशानातून येऊन मामंजी सोप्यात बसले आणि धोतराचा सोगा तोंडावर घेऊन रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आत्याबाई जवळ जाऊन समजूत घालायला लागल्या. जाऊ द्या ती वाट, म्हणाल्या, ओढा आहे की.

"आगं, दिली की त्यानं," मामंजी म्हणाले. "म्हातारा चुलता म्हनून पोरगं दया करनार. जावा तात्या म्हननार, आन् माझी वर्सं बुडनार. म्हनून आप्पानं आधीच सगळ्यांची तोंडं बांधली. वाट दिली त्यानं मला, तुमाला कळंना व्हय?"

तेव्हा कुठे आम्हाला कळलं. मामंजींनी मागितलं नव्हतं, म्हणून आप्पांनी ते अशा रीतीनं दिलं की घेतल्यासारखं होऊ नये. मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडून घेतलं.

धाकट्या आत्याबाईंनी नवऱ्याचा शब्द पाळला, आणि स्वतःहून त्यात भरही घातली. दिवसपाणी उरकल्यावर मामंजी पहिल्यांदा गाडी घेऊन गेले तेव्हा मीही गाडीत होते. बांधावर धाकट्या आत्याबाई उभ्या. पाठ आमच्याकडे, पदर नाकापर्यंत. आणि त्या ज्वारीच्या ताटांना उद्देशून म्हणाल्या, "सांगा कुनीतरी त्यास्नी, ही वाट आमची हाय. परवानगी न्हाई."

आसपास 'कुणीतरी' म्हणावं असं बैलांशिवाय कुणी नव्हतं. मामंजींना तरी थोरल्या दिरानं भावजयीशी बोलायची रीत कुठे होती? त्यांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि बैलांनाच सांगितलं, "चला रं. आमी आमच्या हक्कानं चाललोय." फांदी सारली, गाडी आत घेतली, फांदी लावली. मी हसावं की रडावं, मला कळेना.

मग हे रोजचंच झालं. हळूहळू त्या मनाईला शेपूट फुटायला लागलं. परवानगी न्हाई, आन् सांगा कुनीतरी, डाव्या बैलाचं खांद लय सुजलंय. परवानगी न्हाई, आन् सांगा, पायात वहाना घाला, सराटं लय झाल्यात. एकदा मनाई झाल्यावर त्या म्हणाल्या, की शंकरला शिराळ्याची पोरगी सांगून आलीय, घरात जानतं बापईमाणूस न्हाई, कुनीतरी जाऊन बघून यावं. मामंजींनी बैलांना सांगितलं की कुणीतरी येत्या सोमवारी जाऊन येईल. ते गेले, पोरगी पसंत करून आले, आणि ती पसंती बैलांमार्फत कळवली. जन्मभर न बोललेली ती दोन माणसं अशी रोज बोलू लागली. मामंजी त्या वेळेला बरोबर निघत. रानात काम नसलं तरी निघत. कानाचा मफलर तर आप्पा गेले तेव्हाच सुटला होता.

हे पलटणीतून घरी आले, त्याच्या पुढच्या साली मामंजी कराडहून परतले ते भलत्याच घाईनं. आम्हा दोघांना गोठ्यात बोलावून त्यांनी सांगितलं की वर्षं भरली. वाट आता आपली झाली, कुणी काही म्हटलं तरी जाणार नाही. वकीलसाहेबांचं म्हणणं पडलं की आता दावा लावून हुकूमनामा करून घ्या, म्हणजे पुढे पोराबाळांना कटकट नको. यांनाही ते पटलं. पण मामंजींनी मान हलवली. धाकटीला कोर्टात उभी करायची? आणि ती न्यायाधीशासमोर काय सांगणार, बैलांना सांगत होते म्हणून?

"आन् तिला कळू देऊ नगासा," ते जाता जाता म्हणाले.

मी विचारलं, का?

"वर्सं भरली म्हटल्यावर ती कशाला बोलंल?" एवढं बोलून ते वैरण टाकायला वळले. ज्या हक्कासाठी माणसानं जन्म घालवला, तो मिळाल्याचं गावात सांगायची चोरी झाली होती. कट्ट्यावर कुणी विषय काढला तर मामंजी म्हणत, चाललंय अजून.

त्यानंतर दोन-तीन सुगी झाल्या आणि बेंदराच्या आधी मामंजी गेले. फार आजारी नव्हते. सकाळी वाटेनं जाऊन आले, मनाई ऐकून आले, आणि दुपारी पडले ते उठले नाहीत. आपल्याला मागच्या रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला जाळायचं असं त्यांनी कधीच सांगून ठेवलेलं. म्हणजे त्यांना न्यायचं ते त्याच वाटेनं.

आमच्याकडे बायकाही रानापर्यंत मागून जातात. मी निघताना कोपऱ्यातली त्यांची काठी उचलून घेतली, का ते सांगता येणार नाही. वाटेच्या तोंडाशी आलो तर बाभळीची फांदी आडवी होतीच. आप्पांचा शंकर पुढे धावला आणि ती ओढायला वाकला. या, या, असं म्हणण्यासाठी त्याचं तोंडही उघडलं असेल.

"शंकर, हात लावू नगंस."

धाकट्या आत्याबाई बांधावर उभ्या होत्या. शंकर मागे सरला. तिरडी थांबली. त्या बांधावरून उतरून वाटेत आल्या. आज पाठ फिरवलेली नव्हती, पदरही पुढे ओढलेला नव्हता. त्या तिरडीसमोर उभ्या राहिल्या, मामंजींच्या तोंडाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच, कुणाला सांगायला न लावता, त्यांच्याशी बोलल्या.

"भावजी, ही वाट आमची हाय. तुमाला परवानगी न्हाई."

आवाज शेवटी फुटला. एवढं बोलून त्या बाजूला झाल्या. वर्षं भरल्याचं त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मी पुढे कधी विचारलं नाही. खांदेकरी एकमेकांकडे बघत राहिले. हे हातात मडकं घेऊन पुढे उभे होते, त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. मामंजींच्या काठीनं फांदी बाजूला सारली, आणि तिरडी त्या वाटेनं आत गेली.

सगळी माणसं पुढे जाईपर्यंत मी तिथे थांबले. मग फांदी ओढून होती तशी लावून ठेवली. फांदी आप्पांची होती.